रविवारचे आकडे

३ ऑगस्ट, सोमवार

शेवटी गळ्यात पडलंच. कुलसचिवांनी दुपारी बोलावून घेतलं आणि शैक्षणिक प्रामाणिकता समितीचं अध्यक्षपद माझ्या हवाली केलं. गेल्या वर्षी शेजारच्या विभागातल्या एका महाशयांनी अख्खा प्रबंध दुसऱ्याचा उचलला होता. मूळ लेखकाने स्वतःच्या सासऱ्यांचे मानलेले आभारसुद्धा जसेच्या तसे उतरवले, आणि ह्या गृहस्थाचं तर लग्नही झालेलं नव्हतं. वर्तमानपत्रात छी-थू झाली. तेव्हापासून विद्यापीठाला प्रामाणिकपणाची उबळ आली आहे.

कुलसचिव म्हणाले, तुमच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती नाही, म्हणून तुम्ही. मी थोडे आढेवेढे घेतले, वेळ नाही वगैरे. पण इथे कशाला खोटं लिहू, बरं वाटलं. इतकी वर्षं रोपं वाढवत बसलो, कुणी ढुंकून पाहिलं नाही. निवृत्तीच्या तोंडावर का होईना, आठवण झाली.

हिला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे आता घरातही जपून बोलायला हवं. शाळेतून निवृत्त झाली तरी बाईंची जीभ निवृत्त झालेली नाही.

६ ऑगस्ट, गुरुवार

प्रतिज्ञापत्राचा मसुदा झाला. प्रबंध सादर करताना प्रत्येक विद्यार्थ्याने त्यावर सही करायची. उगाच लांबण लावलं नाही. दोनच वाक्यं: ‘या प्रबंधातील प्रत्येक निरीक्षण मी स्वतः, नमूद केलेल्या दिवशी घेतलेले आहे. कोणताही आकडा अंदाजाने भरलेला नाही.’ ह्यातून कुणाला पळवाट काढून दाखवू दे.

हिने चष्मा लावून वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक सापडेना म्हणून जरा हिरमुसली. मग विचारलं, प्रत्येक म्हणजे अगदी प्रत्येक? मी म्हटलं, मग काय, निम्मे? तिने कागद परत दिला.

११ ऑगस्ट, मंगळवार

ह्या वर्षी एक नवा संशोधक पदरात पडला आहे. नाव अजून तोंडात बसलं नाही, तोवर ‘नवा’च. आज त्याला काचघर दाखवलं. घेवड्याची रोपं, दिव्यांची वेळ, कोणत्या ओळीला किती खारं पाणी घालायचं, पट्टी देठाशी कुठे टेकवायची, सगळं समजावून सांगितलं. रोज सकाळी प्रत्येक रोपाची उंची मोजायची आणि पानं मोजायची, की झालं. खारट जमिनीत कोण तगतं आणि कोण मान टाकतं, एवढंच तर आपण शोधतोय.

सगळं ऐकून घेतलं आणि दारातून मागे वळून विचारतो, सर, रविवारी इमारतीला कुलूप असतं, मग रविवारचं काय करायचं? असे प्रश्न विचारणाऱ्यांचं पुढे कसं व्हायचं कोण जाणे. म्हटलं, शनिवारी सात आणि सोमवारी नऊ, तर मधे काय असेल? शेंबडं पोरही सांगेल. तेवढी जागा रिकामी ठेवू नकोस, तक्ता दात पडल्यासारखा दिसतो. मान हलवून गेला.

ह्याच्या मानाने मुंगी म्हणजे रत्न. तिला हे नाव मीच दिलं. खाली मान घालून दिवसभर चालूच. तिचा प्रबंध ह्या महिन्यात सादर होईल. तिच्या गावच्या महाविद्यालयात कायमची जागा आहे, मुलाखतही झाली आहे, फक्त वर्ष संपायच्या आत पदवी हातात हवी. आई एकटीच असते तिकडे. पोरीचं मार्गी लागलं की मीही सुटलो. माझ्या हाताखालची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी, हे तिला मी कधी सांगितलेलं नाही. सांगायचं नसतं, डोक्यात जातं.

२० ऑगस्ट, गुरुवार

आज आमच्या विभागापासूनच सुरुवात केली. सगळ्या संशोधकांना बोलावून प्रतिज्ञापत्रं वाटली. पोरांनी चहाचा कप खाली न ठेवता सह्या ठोकल्या. नव्याला सादर करायला अजून काही नाही, तरी त्याने हौसेने केली.

मुंगीने केली नाही. म्हणाली, सर, घरी नेऊन वाचते. दोन वाक्यं ती काय, त्यात घरी नेऊन वाचण्यासारखं काय आहे? मी हसलो, बाकीचेही हसले. ती हसली नाही. कागद घडी न घालता पिशवीत ठेवला. प्रबंधाच्या धावपळीत थकली असेल बिचारी.

२६ ऑगस्ट, बुधवार

डोकं फिरलंय.

मुंगी छापलेला प्रबंध घेऊन आली. सही करायला उघडला तर प्रत्येक तक्त्यात ओळीने भोकं. सगळे रविवार कोरे. एवढंच नाही, दोन वर्षांपूर्वी ती आजारी पडली होती, तेव्हाचे दोन आठवडेसुद्धा कोरे. मी विचारलं, हा काय प्रकार आहे?

“त्या दिवशी मी मोजलं नव्हतं, सर.”

“मग आत्तापर्यंत होते ते आकडे?”

“भरलेले होते. मी काढले. निष्कर्ष पुन्हा करून पाहिले, काही फरक पडत नाही.”

फरक पडत नाही तर काढले कशाला, हेच मला कळेना. मी म्हटलं, पुन्हा घाल. ती म्हणाली, मग त्या कागदावर सही कशी करू? मी म्हटलं, अगं, तो कागद चोरांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. तर म्हणे, त्यात तसं लिहिलेलं नाही. हे सगळं इतक्या हळू आवाजात की मला धड ओरडताही येईना.

उद्या शेवटची तारीख. पुन्हा छापायला वेळ नाही. सही न करावी तर पोरीचं वर्ष जातं, आणि वर्ष गेलं की ती जागाही जाते. केली सही. म्हटलं, अंगाशी आलं तर तुझं तू निस्तर. पण खरं सांगायचं तर मला काळजी नाही. तक्ते वाचतो कोण? बाहेरचा परीक्षक प्रस्तावना चाळतो, निष्कर्ष बघतो आणि संदर्भांच्या यादीत आपलं नाव शोधतो. माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

तिने मात्र माझ्यासमोरच प्रतिज्ञापत्रावर सही केली. त्या वेळी चेहरा असा मोकळा झाला होता की मला राग टिकवून धरावा लागला.

१५ सप्टेंबर, मंगळवार

परीक्षकाने तक्ते वाचले.

नुसते वाचले नाहीत, गेल्या वर्षी छापून आलेला आमचा शोधनिबंध शेजारी ठेवून वाचले. प्रयोग तोच, रोपं तीच, तारखा त्याच. निबंधात रविवार भरलेले, प्रबंधात कोरे. त्याने सरळ विचारलंय, ह्यातलं खरं कोणतं? जे दिवस मोजलेच नाहीत त्यांचे आकडे निबंधात आले कुठून? त्या निबंधावर पहिलं नाव माझं, दुसरं तिचं.

आणि कुलसचिवांनी पत्र कुणाकडे पाठवावं? प्रामाणिकता समितीच्या अध्यक्षांकडे. म्हणजे माझ्याकडे. संध्याकाळी त्यांना भेटलो. ते समजूतदार आहेत. म्हणाले, तुम्ही तिचे मार्गदर्शक, तेव्हा ह्या प्रकरणापुरतं अध्यक्षपद मी सांभाळतो, तुम्ही साक्षीदार म्हणून या. एवढंच विचारायचं आहे की आकडे भरायला तिला कुणी सांगितलं होतं का.

तेवढं सोपं आहे. कुणी कशाला सांगेल?

१७ सप्टेंबर, गुरुवार

शांतपणे विचार केला. मी तिला कधी असं काही सांगितलं होतं का? नाही. असल्या गोष्टी मी कुणालाच सांगत नाही. पोरं आपसांत काय करतात ते मला काय ठाऊक? मी काय रविवारी कुलपाबाहेर जाऊन बसू? आकडे व्यवस्थित आलेले दिसले की मी पुढचं पान उलटतो. त्यात माझं चुकलं असेल तर एवढंच की मी विश्वास टाकला.

हिला हेच सांगत होतो. ही भाजी निवडत होती. म्हणाली, “दोन वर्षांपूर्वी ती तापाने फणफणली होती, तेव्हा आपण तिला वसतिगृहातून इथे आणली. ह्याच खोलीत झोपली होती. ते दिवस कोण मोजत होतं?”

मी म्हटलं, मोजले असतील कुणीतरी.

“तुम्ही पलंगाशी उभे राहून म्हणालात, काळजी करू नकोस, बरी झालीस की मागचं भरून टाक. मी औषध घेऊन तिथेच होते.”

हिला प्रत्येक गोष्ट अशी शाळेच्या हजेरीपटासारखी आठवते. मी म्हटलं, आजारी माणसाला धीर द्यायला माणूस काहीही बोलतो. ते काय मार्गदर्शन झालं? त्यावर हिने भाजीची परात पुढे ओढली. जेवणात लक्ष लागलं नाही.

२१ सप्टेंबर, सोमवार

मुंगीला काचघरात गाठलं. प्रबंध गेला तरी रोपांना पाणी घालायला येते, नव्याला मदत म्हणून. तो नेमका आलेला नव्हता, ते एक बरं झालं.

इथे स्पष्ट लिहून ठेवतो: मी तिला काय बोलायचं ते शिकवलं नाही. फक्त वस्तुस्थिती तिच्या कानावर घातली. म्हटलं, हा प्रश्न एका प्रबंधाचा राहणार नाही. आमच्या प्रयोगशाळेत सगळेच असं करतात, असं एकदा तोंडातून निघालं की आत्ता काम करणारी चौघं गेली. आधी पदव्या घेऊन नोकरीला लागलेले आहेत, ज्यांना पोरंबाळं आहेत, त्यांचेही प्रबंध उकरून काढतील. ताई-दादा म्हणून ज्यांच्या मागे मागे हिंडलीस तीच माणसं.

ती झारी घेऊन उभी होती. मग विचारलं, “आणि मी एकटीनेच केलं असं म्हटलं तर?”

मी म्हटलं, मग प्रश्न एकटीचा. आणि जो आपणहून कबूल करतो त्याच्याशी समिती कठोर वागत नाही. समज देतील, दुरुस्ती करायला लावतील. मी आहे ना तिथे, शब्द टाकीन.

हे मी मनापासून बोललो. मला खरंच तसं वाटतं.

तिने विचारलं, काकू कशा आहेत. म्हटलं, बऱ्या आहेत. मग राहिलेल्या ओळीला पाणी घालायला गेली. घरी येऊन हिला काही सांगितलं नाही. उगाच फाटे फोडत बसेल.

२९ सप्टेंबर, मंगळवार

झालं एकदाचं.

लांबट खोली, टेबलावर हिरवं कापड, पाण्याचे पेले झाकून ठेवलेले. कुलसचिव मधे. एका बाजूला समितीतले वकील, दुसऱ्या बाजूला भाषा विभागाच्या बाई. मला भिंतीकडची खुर्ची. मुंगी समोर. इस्त्री केलेले कपडे घालून आली होती, मुलाखतीला घातले होते तेच असावेत.

कुलसचिवांनी सावकाश विचारलं, रविवारचे आणि आजारपणातले आकडे कोणी भरले? ती म्हणाली, मी. कुणी भरायला सांगितलं होतं का?

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. एकदा तरी पाहिलं असतं तर ठीक होतं, पण अजिबात पाहिलं नाही.

“कुणी नाही. माझं मीच भरलं.”

“तुमच्या मार्गदर्शकांना हे माहीत होतं?”

“नाही.”

“प्रयोगशाळेत आणखी कोणी असं करतं?”

“मला माहीत नाही.”

भाषेच्या बाईंनी विचारलं, मग आत्ताच का काढलेस आकडे? ती म्हणाली, त्या कागदावर सही करायची होती. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. वकिलांनी मात्र तोच धागा पकडला. म्हणजे सहीची वेळ आली नसती तर काढले नसते. म्हणजे दोन वर्षं जाणूनबुजून बनावट आकडे, वर मार्गदर्शकांची फसवणूक, त्यांच्या नावावर ते छापून आणणं. वकीलच तो, चिमटीत धरून एकेक काढत गेला. ऐकताना मलाही वाटायला लागलं की माझी फसवणूक झाली आहे.

मग मला विचारलं, तुमचं काही म्हणणं? मी म्हटलं, माझ्याकडे नियम स्पष्ट असतात. आणखी काही? मी म्हटलं, मुलगी कष्टाळू आहे. कुलसचिवांनी ते लिहून घेतलं. मी आणखी बोलणार होतो, शब्द कसे लावायचे तेही ठरवून गेलो होतो. पण तेवढ्यात वकिलांनी पुढचा कागद काढला आणि ते राहून गेलं.

ती बाहेर गेल्यावर चर्चा फार झाली नाही. नोंदणी रद्द. निबंध मागे घ्यायचा, आणि त्यासोबत खुलासा द्यायचा की चूक विद्यार्थिनीची, ज्येष्ठ लेखक अनभिज्ञ. भाषेच्या बाई म्हणाल्या, हे फार होतंय. वकील म्हणाले, पहिलंच प्रकरण आहे, इथे ढिले पडलो तर प्रतिज्ञापत्राला अर्थ काय? माझ्याच प्रतिज्ञापत्राचा दाखला दिल्यावर मी काय बोलणार?

पोरीचं वाईट झालं. पण ती स्वतःच म्हणाली, कुणी सांगितलं नाही. चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने. आता तरी हिचा संशय फिटावा.

३० सप्टेंबर, बुधवार

हिला सगळं सांगितलं. निर्णय सांगितला तेव्हा ही हातातलं ठेवून खाली बसली. मी म्हटलं, अगं, तिने कबूल केलं, कुणी सांगितलं नव्हतं म्हणाली. ही माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाली, “आणि तुम्ही ऐकून घेतलंत?”

ऐकून घेऊ नको तर काय करू? उठून सांगू, पोरी, तू खोटं बोलतेस? चिडून बाहेर पडलो. बागेपर्यंत जाऊन परत आलो. ही तशीच बसली होती, दिवा न लावता.

६ ऑक्टोबर, मंगळवार

सूचनाफलकावर लागलं. पोरं घोळक्याने वाचतात आणि मी आलो की पांगतात. कुलगुरूंनी बोलावून पाठ थोपटली. म्हणाले, स्वतःच्या विद्यार्थिनीची गय केली नाहीत, असं धैर्य लागतं. दोन विद्यापीठांनी मसुद्याची प्रत मागवली आहे. महिन्यापूर्वी हे ऐकून हवेत तरंगलो असतो. आज जिना उतरताना कठड्याला धरून उतरलो.

तिची ती महाविद्यालयातली जागा गेली. नव्याकडून कळलं. आईला अजून सांगितलेलं नाही म्हणे, कसं सांगावं सुचत नाही. ही वसतिगृहावर जाऊन आली. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. घरात आम्ही आता पाणी हवं का, दार लावलं का, एवढंच बोलतो.

झोप लागत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा सगळं पहिल्यापासून तपासून पाहतो. मी कुठेही खोटं बोललेलो नाही. कुणी तपासलं तरी सापडणार नाही.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मुंगी आली. वसतिगृह सोडायचं तर ग्रंथालय, प्रयोगशाळा, मार्गदर्शक अशा सगळ्यांच्या सह्या लागतात, त्यातली माझी राहिली होती. वाळली आहे. मी बस म्हटलं तर बसली, खुर्चीच्या अगदी कडेला.

पुढे काय करणार, विचारलं. म्हणाली, गावी एका शिकवणीत शिकवायला बोलावलंय, पोरांना विज्ञान. मी म्हटलं, चांगलं आहे, सुरुवात कुठूनही होते. माझंच बोलणं मला पोकळ वाटत होतं. काहीतरी करावं म्हणून म्हटलं, तुला शिफारसपत्र लिहून देतो. समितीचं काय ते समितीपाशी. मी स्वतः लिहीन की इतक्या वर्षांत इतकी प्रामाणिक विद्यार्थिनी माझ्याकडे आली नाही. आणि ते खरंच होतं. पहिल्यांदाच तिला तोंडावर सांगत होतो.

ती म्हणाली, “नको सर. आता तसं लिहिलंत तर ते खोटं होईल.”

मी म्हटलं, अगं, रविवारचं काय घेऊन बसलीस? सगळेच भरतात. तू तर काढून टाकलेस.

“रविवारचं नाही म्हणत मी,” ती म्हणाली. “समितीसमोर बोलले ते.”

आवाज चढवला नाही. रागही नव्हता. किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं. मी खाली मान घालून सही केली. कागद उलटा धरला होता, तो तिने सरळ करून माझ्यासमोर ठेवला, तेव्हा दुसऱ्यांदा केली. ती उठली, वाकून नमस्कार केला. मला पाय मागे घ्यावेसे वाटले, पण खुर्चीच्या मागे भिंत होती. काकूंना नमस्कार सांगा म्हणाली आणि गेली. संध्याकाळची गाडी होती तिची.

लाज वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. कुलसचिवांची खोली आमच्याच मजल्यावर आहे, चार दारं सोडून. दोनदा उठलो. एकदा तर दारापर्यंत गेलो. त्यांचा शिपाई म्हणाला, साहेब आत आहेत, जा ना. मी म्हटलं, घाई नाही, नंतर येईन.

घरी आलो तेव्हा ही दारातच उभी होती. भेटली का, विचारलं. म्हटलं, भेटली, सही घेऊन गेली, शिफारसपत्र देत होतो तर नको म्हणाली. का नको म्हणाली, हिने विचारलं. मी म्हटलं, काही बोलली नाही.